घरी बनवलेल्या पेडलबोर्डची परत परत येणारी गुणगुण

माझ्या पेडलबोर्डची, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी पेडल ज्यावर मांडतात त्या फळीची, नको असलेली गुणगुण मी सात महिन्यांत तीनदा घालवली. तीनदा घालवली याचा अर्थ एकदाही घालवली नाही, हे कळायला चौथी वेळ यावी लागली. घरी पेडलबोर्ड बनवलेल्या प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी येतो. आवाज येतो, आपण काहीतरी हलवतो, बदलतो, आवाज जातो, आपण खूश. तीन आठवड्यांनी तोच आवाज पुन्हा हजर.

आधी बोर्ड कसा आहे ते सांगतो, कारण दोष बनावटीतच होता. १२ मिलिमीटर प्लायच्या दोन आडव्या पट्ट्या, मध्ये केबल खाली सोडायला फट, मागची पट्टी पुढचीपेक्षा थोडी उंच. ट्यूनर, वा (वा-वा पेडल), ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, कोरस आणि डिजिटल डिले अशी सहा पेडल. मागच्या कडेला ॲल्युमिनियमची एल आकाराची पट्टी, काळा रंग मारलेली. तिच्या उजव्या टोकाला गिटारचा जॅक, डाव्या टोकाला ॲम्पकडे (ॲम्प्लिफायरकडे) जाणारा जॅक. म्हणजे वाजवायला बसताना पेडलना हात न लावता दोन केबल मागून खुपसायच्या आणि सुरू. वीज बोर्डखाली: ट्रान्सफॉर्मरवाला जुना १२ व्होल्टचा ॲडॉप्टर, त्यापुढे ७८०९ रेग्युलेटर (स्थिर ९ व्होल्ट देणारी चिप) दोन, एकावर ॲनालॉग पेडल आणि दुसऱ्यावर डिले. रेग्युलेटर तापतात म्हणून तेही त्याच ॲल्युमिनियमला स्क्रूने आवळलेले. दिसायला देखणं काम होतं. त्या देखणेपणानेच घात केला.

पहिल्या वेळी मी ॲडॉप्टरवर संशय घेतला, तो दुसऱ्या सॉकेटवर लावला, गुणगुण गेली. दुसऱ्या वेळी पेडल एकमेकांना जोडणाऱ्या सगळ्या छोट्या पॅच केबल नव्या केल्या, गेली. तिसऱ्या वेळी डिले आणि कोरसच्या जागा बदलल्या, गेली. तीन वेगळे उपाय आणि तिन्ही लागू पडले! इथेच शंका यायला हवी होती. एका दुखण्यावर तीन वेगळी औषधं चालत असतील तर तिन्हींत औषध नसलेली एखादी सामायिक गोष्ट काम करून जातेय, असं समजावं. माझ्या बाबतीत ती गोष्ट काय होती ते पुढे येईल.

चौथ्या वेळी स्वतःशी एक अट घातली. आवाज गेला म्हणून थांबायचं नाही. गेलेला आवाज मुद्दाम परत आणता आला, पुन्हा घालवता आला, पुन्हा आणता आला, तरच दोष सापडला म्हणायचं.

पाना उचलण्याआधी कान

"आवाज येतोय" एवढ्यावर कुणालाही काही सांगता येत नाही. कुठला आवाज?

खालच्या पट्टीतला, गोल, एकसुरी घूंऽऽ हा बहुतेक वेळा विजेच्या मूळ वारंवारितेचा असतो. ती देशागणिक ५० किंवा ६० हर्ट्झ. हा चुंबकीय मार्गाने येतो, म्हणजे जवळपास ट्रान्सफॉर्मर आहे आणि त्याचं क्षेत्र कशाततरी शिरतंय. त्यापेक्षा एक सप्तक वरचा, कडा असलेला, माशी काचेवर आपटल्यासारखा झ्झ्झ् हा दुप्पट वारंवारितेचा, १०० किंवा १२० चा. एसीची डीसी करताना दोन्ही अर्धलहरी वापरल्या जातात म्हणून दुप्पट. तो आला तर सप्लायमधलं गाळण कमी पडतंय: कपॅसिटर म्हातारा झालाय किंवा ॲडॉप्टरवर त्याच्या कुवतीबाहेर ओझं आहे. बारीक चींऽऽ, आणि डिलेचा टाइम नॉब फिरवला की तिचा सूर बदलतो, ही डिजिटल पेडलच्या घड्याळाची गळती. टिक्... टिक्... असा ठोका कोरस किंवा ट्रेमोलोच्या स्पीडबरोबर हलत असेल तर तो त्या पेडलच्या आतल्या आंदोलकाचा. हात लावला की खर्रर्र, सोडलं की शांत: केबल, जॅक किंवा कच्चा डाग (सोल्डरचा जोड). नुसता सूंऽऽ, समुद्रासारखा, गेन वाढवला की वाढणारा, तो दोष नव्हेच. डिस्टॉर्शनचा गेन तीनला ठेवा.

या सगळ्यांना आपण सरसकट "हम" म्हणतो आणि मग चींऽऽ वर घूंऽऽ चं औषध देत बसतो.

माझा होता स्वच्छ घूंऽऽ. डिस्टॉर्शन चालू केलं की भयंकर, बंद असताना जेमतेम ऐकू येणारा. म्हणजे तो डिस्टॉर्शनच्या आधी कुठेतरी शिरत होता आणि डिस्टॉर्शन त्याला शंभरपट करून पुढे पाठवत होतं. या एका निरीक्षणाने अर्धा बोर्ड संशयातून सुटला. पुढे कळलं की एवढ्या लवकर सोडायला नको होता.

वजाबाकी

गिटार थेट ॲम्पला लावा. एक केबल, मध्ये काही नाही. आवाज तसाच असेल तर बोर्ड निर्दोष आहे. सिंगल कॉइल पिकअप (तारांचा कंप पकडणारी एकेरी गुंडाळी) असेल तर गिटार हातात धरून सावकाश स्वतःभोवती फिरा. एका दिशेला घूंऽऽ वाढतो, तिच्यापासून काटकोनात जवळजवळ नाहीसा होतो. असं होत असेल तर खोलीतला ट्रान्सफॉर्मर, डिमर किंवा चार्जर पिकअपला ऐकू येतोय. त्यासाठी बोर्ड उघडण्यात अर्थ नाही. ही पायरी वगळून पेडल विकून टाकलेले लोक मी पाहिलेत.

थेट लावल्यावर शांत असेल तर बोर्डच्या मधोमध तोडा. पहिली तीन पेडल बाहेर काढून गिटार चौथ्यात लावा. आवाज गेला तर दोष पहिल्या तिघांत, राहिला तर उरलेल्यांत. मग त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे. सहा पेडलांना तीन फेऱ्या पुरतात. एकेक करत गेलात तर पाचव्या पेडलपर्यंत पोचेतो आपण आधी काय हलवलं होतं ते विसरलेले असतो.

तिसरी परीक्षा ९ व्होल्टच्या बॅटरीची. संशयित पेडलला बॅटरीवर चालवा आणि त्याची पॉवरची वायर नुसती बंद न करता सॉकेटमधून उपसून काढा. आवाज गेला तर पेडल ठीक आहे, सप्लाय किंवा ग्राउंडचा (विजेच्या आणि सिग्नलच्या सामायिक परतीच्या वाटेचा) रस्ता दोषी. राहिला तर पेडल उघडा. डिजिटल डिले बॅटरीवर फार वेळ टिकत नाही, पण परीक्षेला दोन मिनिटं पुरे होतात.

माझ्या बोर्डवर या परीक्षांनी मला गोंधळात टाकलं. मधोमध तोडला तर घूंऽऽ गेला. ठीक, म्हणजे पहिल्या तिघांत. मग त्याच तिघांना एकटं ॲम्पला जोडलं, तर तिथेही घूंऽऽ नाही! दोन्ही अर्धे निर्दोष, जोडले की दोषी. एखादं पेडल किंवा केबल बिघडली असती तर ती कुठल्यातरी एका अर्ध्यात सापडलीच असती. जोडल्यावरच जन्मणारा दोष म्हणजे वस्तू बिघडलेली नाही, एक वर्तुळ पूर्ण होतंय. अर्ध्या साखळीत ते तुटतं.

मग प्रश्न बदलला. "काय बिघडलंय" याऐवजी "आवाज परत आला त्याच्या आदल्या दिवशी मी काय केलं होतं?" आठवायला बसलो. शेवटच्या वेळी गिटारची केबल लावताना मागचा जॅक स्वतःभोवती फिरत होता. चीड येऊन मी पाना घेऊन नट आवळला होता. त्याआधीच्या वेळी? तेव्हाही नट आवळला होता. आणि प्रत्येक "उपाय" करताना काय केलं होतं? मागच्या दोन्ही केबल उपसल्या होत्या, ओढून, पिळून. म्हणजे जॅक सैल केला होता. सैल जॅक म्हणजे दोष, घट्ट जॅक म्हणजे दुरुस्ती, हे इतकं उघड वाटतं की उलट असेल असं डोक्यातच येत नाही.

सगळ्या पॅच केबल काढल्या. बोर्डवर आता दोन एकाकी जॅक, एकमेकांशी काहीही संबंध नसलेले. मल्टिमीटर बीपवर ठेवला (जोडणी असेल तर वाजतो), एक टोक उजव्या जॅकच्या बाहेरच्या नळीला, दुसरं डाव्याच्या. बीऽऽप. पाव मीटरभर अंतरावरचे दोन जॅक, मध्ये एकही तार नाही आणि तरी जोडलेले. उजवा नट पान्याने पाव फेरा सोडवला. बीप तुटला. आवळला, बीप. सोडवला, शांत. आठ-दहा वेळा केलं, नुसतं मजा म्हणून. मग केबल जोडून ॲम्प चालू केला. नट घट्ट: घूंऽऽ. नट सैल: शांत.

काय होत होतं

साध्या धातूच्या जॅकची बाहेरची नळी, जिच्यावर नट बसतो, ती सिग्नलच्या ग्राउंडलाच जोडलेली असते. तो जॅक धातूच्या पट्टीत बसवला की पट्टी ग्राउंड झाली. एकच जॅक असेल तर काही बिघडत नाही. दोन बसवले की उजव्या जॅकपासून डाव्यापर्यंत जायला ग्राउंडला दोन वाटा मिळतात: एक पेडलांमधून, पॅच केबलच्या जाळीवरून (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या वेष्टणावरून), आणि दुसरी सरळ पट्टीवरून. दोन्ही मिळून बोर्डाएवढं मोठं एक वेटोळं. त्या वेटोळ्याच्या पोटात खाली माझा ट्रान्सफॉर्मरवाला ॲडॉप्टर. म्हणजे मी नकळत एका वेढ्याची दुय्यम गुंडाळी बनवून तिच्यात ट्रान्सफॉर्मर ठेवला होता. त्यात प्रवाह निर्माण होणारच. तो केबलच्या जाळीवरून वाहतो, जाळीला थोडासा रोध असतो, तिथे मिलिव्होल्टच्या अंशाएवढा दाब पडतो, आणि पुढच्या पेडलला तो सिग्नलचाच भाग वाटतो. गिटारचा सिग्नल मुळात काही शे मिलिव्होल्टचा. त्यात असा अंश मिसळला आणि पुढे डिस्टॉर्शन बसलं असेल तर काय होणार ते सांगायला नको.

रंगाने यात आणखी एक खोडी केली. पट्टीवर काळा रंग होता म्हणून नट सैल असताना धातूला धातू टेकत नव्हता. आवळला की वॉशरचे दात रंगातून आत जात. रंग नसता तर गुणगुण पहिल्या दिवसापासून कायम राहिली असती आणि मी ती पहिल्या आठवड्यात शोधली असती. अर्धवट इन्सुलेशन हे इन्सुलेशन नसण्यापेक्षा वाईट.

उपाय अगदी किरकोळ: दोन्ही जागी प्लास्टिकच्या बॉडीचे जॅक, ज्यांची नळी पट्टीला टेकतच नाही. भोक मोठं करावं लागलं, दहा मिनिटांचं काम. प्लास्टिकचा जॅक मिळत नसेल तर खांदा असलेले फायबरचे वॉशर दोन्ही बाजूंनी लावता येतात, पण भोक नळीपेक्षा पुरेसं मोठं हवं, नाहीतर दोरे आतून कडेला टेकतात आणि पुन्हा तीच कथा. बसवल्यावर मल्टिमीटरने तपासा, आणि हे तपासताना पॅच केबल काढलेल्याच असू द्या. त्या जोडलेल्या असताना जाळीवरून बीप येणारच, तो दोष नव्हे. एका मित्राने नेमकं हेच केलं आणि तीन चांगले जॅक फेकून दिले.

ॲडॉप्टरही वेटोळ्यातून बाहेर काढला, बोर्डापासून हातभर लांब. याचा एक जास्तीचा फायदा झाला, कारण वा पेडलमध्ये इंडक्टर असतो, म्हणजे तारेचं वेटोळंच, आणि ते ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र पिकअपसारखंच पकडतं. वा चालू केल्यावरच गुणगुणत असेल आणि पेडल पुढे-मागे केल्यावर गुणगुणीचा रंग बदलत असेल, तर ते पेडल उचलून एक वीत बाजूला धरून बघा. बोर्डखाली सप्लाय बसवणाऱ्यांनी वा त्याच्या डोक्यावर ठेवू नये.

मग उरली चींऽऽ

घूंऽऽ गेल्यावर त्याच्याखाली दडलेली बारीक शीळ ऐकू यायला लागली. मोठा आवाज गेला की छोटे वर येतात, हे धरूनच चाला. डिलेचा टाइम फिरवला, सूर बदलला. म्हणजे कोण ते कळलं. पण डिलेला तर मी स्वतंत्र रेग्युलेटर दिला होता!

इथे माझा दुसरा अडाणीपणा. दोन रेग्युलेटर म्हणजे दोन सप्लाय नव्हेत. दोघांची ऋण बाजू एकाच ॲडॉप्टरला जाते, म्हणजे ग्राउंड एकच. डिजिटल पेडल प्रवाह एकसारखा पीत नाही, झटक्यांनी पितं. साधं ओव्हरड्राइव्ह ५ ते १० मिलिअँपिअरवर चालतं, डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब १०० पासून ३०० पर्यंत मागू शकतं. हा प्रवाह परत जाताना पॉवरच्या तारेवरून जातो आणि त्याचा काही वाटा पॅच केबलच्या जाळीवरूनही जातो, कारण तीही ग्राउंडच. एका ॲडॉप्टरवरून सात शेपट्या फुटणाऱ्या वायरमध्ये हेच होतं, फक्त तिथे ते दिसतं. माझ्याकडे दोन चिप मध्ये बसवल्यामुळे वेगळेपणाचा भास होता.

७८०९ च्या पाठीचा धातूचा पत्राही त्याच्या ग्राउंडच्या पायाला जोडलेला असतो. तो ॲल्युमिनियमला आवळला की पट्टी पुन्हा ग्राउंड. म्हणजे माझ्या पट्टीला दोन नव्हे, चार जागी ग्राउंड मिळत होतं. पण पत्रा न आवळता मोकळा ठेवणंही बरं नाही. १२ व्होल्ट लिहिलेला जुना ट्रान्सफॉर्मरवाला ॲडॉप्टर हलक्या ओझ्यावर १५-१६ व्होल्ट देतो. त्यातून ९ काढायचे आणि पाव अँपिअर घ्यायचा तर दीड वॅटच्या वर उष्णता चिपमध्ये जिरते. पाठीला पट्टी नसेल तर तेवढ्यात ती शंभर अंशांपलीकडे तापते, मग स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते, थंड झाली की सुरू. "वीस मिनिटं वाजवलं की पेडल बंद होतं, चहा घेऊन आलं की ठीक" या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. रेग्युलेटर आणि पट्टीमध्ये अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा पातळ तुकडा आणि स्क्रूला प्लास्टिकची टोपी लावली की उष्णता जाते, वीज जात नाही.

शीळ मात्र एकाच गोष्टीने गेली: डिलेला स्वतःचा, पूर्ण वेगळा छोटा ॲडॉप्टर. डिजिटल पेडल दोनापेक्षा जास्त असतील तर आयसोलेटेड सप्लाय (प्रत्येक आउटपुटचं ग्राउंड वेगळं असलेला) घ्यावा. माझ्या मते घरी बनवायच्या बोर्डात पैसे खर्च करायची ही एकच जागा आहे, लाकूडकाम कितीही ओबडधोबड चालेल. फक्त डब्यावर "आयसोलेटेड" लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. डबा भिंतीपासून आणि पेडलांपासून पूर्ण सुटा करा, दोन आउटपुटांच्या मध्यभागच्या पिना एकमेकींशी मल्टिमीटरने तपासा. बीप आला तर आतून सगळे एकच आहेत, फक्त भोकं जास्त आहेत.

चींऽऽ येत असेल आणि डिजिटल पेडल एकही नसेल, तर घरी जोडलेल्या एखाद्या पेडलच्या आत बघा. ९ चे १८ व्होल्ट करायला किंवा ऋण व्होल्टेज काढायला आपण जी आयसीएल ७६६० चिप सर्रास वापरतो, ती साधारण १० किलोहर्ट्झवर चालते, म्हणजे थेट कानाच्या टप्प्यात. तिच्याच ज्या भावंडांना बूस्टची पिन असते ती घ्या आणि ती पिन धन बाजूला जोडा. वारंवारिता ऐकू येण्याच्या पलीकडे जाते.

कोरसच्या टिकटिकीवर मी सप्लायच्या तोंडाशी छोटा गाळणा लावला: धन तारेत ४७ ओहमचा रेझिस्टर आणि त्यापुढे धन-ऋणमध्ये १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. १० मिलिअँपिअर खाणाऱ्या पेडलला यात अर्धा व्होल्टही गमवावा लागत नाही. डिजिटल पेडलवर हा प्रयोग करू नका, त्याच्या २०० मिलिअँपिअरला तोच रेझिस्टर सगळे ९ व्होल्ट गिळून टाकेल.

जोडल्या जोडल्या सगळंच बंद

ही तक्रार वेगळी आहे आणि घाबरवणारी. सगळ्या पेडलचे दिवे लागलेले असतात, एक पॅच केबल खुपसली की सगळे विझतात. केबल काढली की पुन्हा लागतात. केबल शॉर्ट नसेल, तर बोर्डवर जर्मेनियम पीएनपी ट्रान्झिस्टरचा जुन्या धाटणीचा फझ (डिस्टॉर्शनच्या जातीचं पेडल) आहे का ते बघा. १९६६ मध्ये आलेल्या फझ फेसच्या मूळ मांडणीत बॅटरीचं धन टोक ग्राउंडला असतं. इतर बहुतेक पेडलांत ऋण टोक. दोघं एकाच ॲडॉप्टरवर असतील आणि पॅच केबलने त्यांची ग्राउंड जोडली, तर आपण ॲडॉप्टरची दोन टोकं एकमेकांना लावली. अशा फझला बॅटरी द्या किंवा पूर्ण आयसोलेटेड आउटपुट, तिसरा मार्ग शोधू नका.

उलट गंमत बॉस कंपनीच्या जुन्या, जास्त व्होल्ट देणाऱ्या एसीए ॲडॉप्टरसाठी बनलेल्या पेडलांची. आजच्या ९ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर एकटं असताना त्याचा दिवा मंद लागतो आणि आवाज मरगळतो, पण दुसऱ्या पेडलबरोबर एकाच वायरवर लावलं की ठणठणीत. त्या पेडलच्या ऋण मार्गात व्होल्टेज उतरवायला रेझिस्टर असतो, आणि शेजाऱ्याच्या पॅच केबलवरून ग्राउंडला त्याला वळसा घालायची वाट मिळते. ज्या जाळीच्या वाटेने माझी गुणगुण केली, तीच इथे पेडलला जगवते.

खरखर, आणि लाकडाचा दोष

पॅच केबलबद्दल फार लिहीत नाही. वाजवत असताना एकेक प्लग बोटाने हलवा, खर्रर्र झालं ती केबल बाजूला काढा. मल्टिमीटरवर टोक ते टोक बीप, जाळी ते जाळी बीप, टोक ते जाळी शांत, हे तिन्ही केबल वाकवत असताना तपासा. सरळ पडलेल्या केबलने खरं सांगितलेलं नसतं. बिनसोल्डरचे प्लग मांडणीला सोपे, पण पायाखाली राहणाऱ्या बोर्डवर माझ्याकडे तरी टिकले नाहीत. स्वतः डाग देत असाल तर डाग चकचकीत आणि पसरट बसला पाहिजे. मळकट गोळा दिसला तर पुन्हा तापवा.

खरखर दर महिन्याला परत येत असेल तर मात्र केबल बदलत बसू नका, लाकूड बघा. पातळ प्लाय पाय दिला की वाकतो. दोन पेडल शेजारी घट्ट बसवून मध्ये ताठ प्लग असेल, तर प्रत्येक दाबाबरोबर तो प्लग जॅकला उखडायचा प्रयत्न करतो, आणि पेडलच्या आतल्या सर्किट बोर्डवर सोल्डर केलेला जॅक हळूहळू डागाला तडा देतो. माझ्या ओव्हरड्राइव्हला भिंगातून बघितलं तर जॅकच्या पायाभोवती केसाएवढी गोल रेघ दिसत होती. पट्टीखाली मधोमध एक आडवं बॅटन ठोकलं, पेडलांत बोटभर अंतर सोडलं आणि केबलला जराशी ढील दिली. वेल्क्रोची मऊ बाजू बोर्डवर, खरखरीत पेडलला. पेडलचं बूड आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, नाहीतर कारखान्यातला तेलकटपणा चिकटपट्टी महिन्यात सोडवतो, पेडल सरकतं आणि त्याला केबल धरून ठेवते. तिथून पुन्हा खरखर.

पॉवरच्या तारा आणि सिग्नलच्या केबल एकत्र टाय करून सुबक गठ्ठा बांधायचा मोह होतो. दोन्ही बोर्डच्या वेगवेगळ्या कडांनी न्या, आणि ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.

एक तक्रार दोष नसताना येते: बोर्ड जोडल्यापासून आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटतो. केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धारिता असते. येताना सहा मीटर, जाताना सहा, मध्ये पॅच केबल, आणि सगळी पेडल ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल तसाच पुढे सोडणारी), तर पिकअपला एवढी लांबी एकट्याने ओढावी लागते आणि वरच्या पट्ट्या मरतात. साखळीच्या सुरुवातीला एक बफर (सिग्नलला लांब केबल ओढायचं बळ देणारं सर्किट) पुरतो. बॉसची छोटी पेडल बंद असतानाही बफर देतात, त्यांतलं एखादं पुढे आणलं तरी चालतं. फक्त फझ फेसच्या जातीचं फझ बफरच्या आधी ठेवा, त्याला पिकअप थेट लागतं. बफरमागे ठेवलं तर ते करवतीसारखं ओरडतं.

अर्थिंगची पिन

गुणगुणीवर एक "उपाय" कुणीतरी सुचवतंच: ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका. गुणगुण खरंच जाते कधीकधी, कारण वेटोळं तुटतं. पण ॲम्पमध्ये आत बिघाड झाला तर वीज जायला उरलेली वाट गिटारच्या तारांवरून तुमच्या हातात येते. १९७२ मध्ये स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे स्वान्सीला मंचावर, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून गेला. वेटोळं तोडायचंच असेल तर सिग्नलच्या बाजूने तोडा. बोर्डला दोन ॲम्प जोडता किंवा ॲम्पच्या इफेक्ट लूपमध्ये (ॲम्पच्या आत मधूनच पेडल जोडायच्या सोयीत) चार केबल टाकता, तेव्हा त्यातल्या एका मार्गात १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मर बसवायचा. सिग्नल चुंबकाने पलीकडे जातो, ग्राउंड जात नाही, पिन जागेवर राहते. घरी बनवलेल्या बोर्डखाली मेन्सच्या उघड्या जोडण्याही नकोत. बंद डब्यातला ॲडॉप्टर बाहेर ठेवा, आत फक्त त्याचे कमी व्होल्ट येऊ द्या.

आता बोर्डच्या पोटाला मी एक कागद चिकटवलाय. त्यावर पेन्सिलीने: जॅक ते जॅक, केबल काढून, उघडं (बीप नाही). पट्टी ते ग्राउंड, उघडं. डिले, वेगळा ॲडॉप्टर. आणि नट शेवटचा कधी आवळला ती तारीख.

मागच्या आठवड्यात घूंऽऽ पुन्हा आलं. सवयीने बोर्ड उलटा करायला हात गेला, मग गिटारची केबल काढून सरळ ॲम्पमध्ये लावली. घूंऽऽ तिथेही होतं. गिटार धरून खुर्चीवरच फिरलो. खिडकीकडे तोंड केलं की कमी, टेबलाकडे केलं की जास्त. टेबलावर नवा दिवा होता, डिमरवाला. तो बंद केला.